जळक्या रानातली गुलाबी फुलं आणि 'नेटिव्ह' या शब्दाचा घोळ

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलताना येणारी 'अं… म्हणजे…' तेवढी गाळली आहेत.)

 

मागच्या भागात मी सहज सांगितलं होतं की सिएटलला आल्यापासून महिन्यातले दोन शनिवार मी एका पाणथळ जागेत तण उपटायला जाते. त्यावर एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. नाशिकचा मुलगा आहे. म्हणाला, "ताई, तू स्वतः पुण्याहून तिकडे गेलीस. आणि आता बाहेरून आलेली झाडं उपटतेस. हे जरा विचित्र नाही वाटत तुला?"

मी ती नोट तीनदा ऐकली. कारण प्रश्न चावट असला तरी चुकीचा नाही. त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येईल, पण ते पटणार नाही. म्हणून आज एका फुलाच्या कुळातून उत्तर देते. त्या कुळात इथले मूळचे आहेत, बाहेरून आलेले आहेत, आणि इथून बाहेर जाऊन दुसऱ्यांच्या डोक्याला ताप झालेलेही आहेत.

इंग्रजीत या झाडांना विलोहर्ब म्हणतात. विलो म्हणजे आपल्याकडे नदीकाठी येतो तो वाळुंज. त्याच्यासारखी लांब, निमुळती पानं, म्हणून हे नाव. झाड कसलं, रोपटंच. फुलाला चार पाकळ्या, आठ पुंकेसर. आणि एक खूण अशी, की ती एकदा कळली की हे कुळ कुठेही ओळखता येतं: फुलाखाली जो लांबट देठ दिसतो, तो नुसता देठ नसतो. तीच शेंग असते. फूल शेंगेच्या टोकावर बसलेलं असतं. फूल गळलं की ती शेंग सुकते, चार भागांत उकलते, आणि आतून म्हाताऱ्या उडतात. लहानपणी आपण रुईच्या म्हाताऱ्या फुंकर मारून उडवायचो ना, तशाच, फक्त खूपच बारीक.

या कुळातली इथली हिरॉइन म्हणजे फायरवीड. शास्त्रीय नाव कॅमेनेरिअन अँगस्टिफोलियम. पूर्वी हिला एपिलोबियम या प्रजातीत धरायचे, अजूनही काही पुस्तकांत तसंच सापडेल. माणसाच्या खांद्याइतकी उंच, कधी डोक्याच्याही वर. टोकाला गडद गुलाबी फुलांचा तुरा. जुलै-ऑगस्टमध्ये सिएटलहून डोंगरांकडे निघालात की हायवेच्या कडेला, तोडलेल्या जंगलात, विजेच्या तारांखालच्या मोकळ्या पट्ट्यात ही दिसतेच. आणि जळलेल्या जंगलात तर विचारूच नका.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये स्कायकोमिश नदीच्या खोऱ्यात, हायवे दोनच्या कडेने, बोल्ट क्रीकची आग लागली. जवळपास १५ हजार एकर. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सिएटलवर असा धूर होता की काही दिवस जगातल्या सगळ्यात खराब हवेच्या शहरांच्या यादीत आम्ही वरच्या नंबरांवर होतो. घरात एअर प्युरिफायर, खिडक्यांना ओले टॉवेल, आणि बाहेर दुपारी तीन वाजता नारिंगी सूर्य. दिल्लीवाले मित्र मेसेज करून खिजवत होते. त्यानंतरच्या उन्हाळ्यांत तिकडून जाताना काळे ठिक्कर बुंधे आणि त्यांच्या पायाशी हे गुलाबी पट्टे दिसतात. फोटो काढायला लोक गाड्या थांबवतात. मीही थांबवते.

पण ही येते कशी, ते फोटोपेक्षा भारी आहे.

फायरवीडकडे दोन वेगळ्या सिस्टिम आहेत. पहिली जमिनीखाली. तिची मुळं आडवी पसरतात आणि त्यांच्यावर कळ्या असतात. वरून आग गेली, खोड-पानं राख झाली, तरी माती काही सेंटिमीटर खाली फार तापत नाही. मूळ वाचतं. वर सावली करणारी झाडं गेलेली असतात, ऊन थेट जमिनीवर येतं, राखेतून खत मिळतं, आणि काही आठवड्यांत नवे कोंब वर येतात. दुसरी सिस्टिम हवेतली. एका रोपाला ८० हजारांपर्यंत बिया येऊ शकतात. प्रत्येकीला रेशमी केसांचा झुबका. वाऱ्यावर किती लांब जातील याचा नेम नाही.

आता यात एक गंमत आहे. बऱ्याच तणांच्या बिया मातीत वर्षानुवर्षं गप्प पडून राहतात, संधीची वाट बघत. फायरवीडचं बी तसलं नाही. दोन-तीन वर्षांच्या वर ते सहसा टिकत नाही. म्हणजे तिच्याकडे मातीत बियांचा साठा करून ठेवायची सोयच नाही. दर वर्षी नव्याने हजारो बिया हवेत सोडायच्या आणि त्यातली एखादी योग्य जागी पडेल यावर जगायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर डिस्कवर काही सेव्ह नाही, सगळं स्ट्रीमिंग.

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे माउंट सेंट हेलेन्स. सिएटलच्या दक्षिणेला सुमारे १५० किलोमीटरवर हा ज्वालामुखी आहे. १८ मे १९८० ला सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी त्याची उत्तरेकडची बाजू कोसळली आणि स्फोट आडवा झाला. डोंगराची उंची ४०० मीटरने कमी झाली. सुमारे ६०० चौरस किलोमीटर जंगल आडवं झालं किंवा उभ्या उभ्या होरपळलं. ५७ माणसं गेली. त्यानंतर तिथे गेलेल्यांनी जे पाहिलं ते सगळं राखाडी होतं. आता परत काही उगवायला कित्येक पिढ्या लागतील, असं अनेकांना वाटलं.

त्याच उन्हाळ्यात राखेतून फायरवीडचे कोंब वर आले.

ही गोष्ट इंटरनेटवर हजार ठिकाणी आहे, आणि ती सांगताना लोक एक ढोबळ चूक करतात. 'ओसाड दगडावर पहिलं फूल फायरवीडचं' असं लिहितात. तसं नाही. आडवा स्फोट झाला तिथे झाडं पडली होती, वर राखेचा थर होता, पण खाली जुनी माती आणि जुनी मुळं होती. जिथे थर पातळ होता, जिथे पावसाने घळ पाडून राख वाहून नेली, जिथे झाड मुळासकट उपटून त्याच्या मुळांना मातीचा गोळा चिकटला होता, तिथून फायरवीड निघाली. काही ठिकाणी पॉकेट गोफर नावाच्या, बिळात राहणाऱ्या घुशीसारख्या प्राण्याने मदत केली. स्फोटाच्या वेळी तो जमिनीखाली होता म्हणून वाचला. मग त्याने नेहमीसारखं उकरायला घेतलं आणि खालची जिवंत माती राखेच्या वर आणून टाकली. त्याला काय माहीत आपण केवढं मोठं काम करतोय!

याउलट, डोंगराच्या अगदी उत्तरेला जिथे प्युमिसचा, म्हणजे हलक्या सच्छिद्र दगडाचा जाड थर साचला, तिथे खाली वाचलेलं काहीच नव्हतं. फायरवीडच्या म्हाताऱ्या तिथे उडत येत होत्या, भरपूर येत होत्या. पण त्या दगडात नायट्रोजन जवळजवळ नाहीच. रुजायच्या आणि मरायच्या. तिथे आधी जम बसला तो प्रेअरी ल्यूपिन या शेंगवर्गी झाडाचा, कारण त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात. आपल्याकडे ताग-धैंचा पेरतात, तोच हिशेब. ल्यूपिन मरून माती झाल्यावर मग बाकीच्यांचा नंबर लागला.

मला ही दुसरी गोष्ट जास्त आवडते. फायरवीड ही राखेतून उठणारी कोणी देवी वगैरे नाही. तिला माती लागते, नायट्रोजन लागतो, ऊन लागतं. मोटिव्हेशनल रील्स बनवणाऱ्यांनी कृपया नोंद घ्यावी.

आणि याच डोंगरावरचा अजून एक किस्सा आपल्या आजच्या प्रश्नाला थेट भिडतो. स्फोटानंतर मातीची धूप होऊन नद्या गाळाने भरतील, पूर येतील, अशी भीती होती. ती खोटी नव्हती. म्हणून काही भागावर विमानातून आणि हेलिकॉप्टरमधून गवतांचं आणि शेंगवर्गी झाडांचं बी टाकलं. लवकर वाढणारं, बहुतेक बाहेरच्या देशांतलं. बरंचसं बी वाहून गेलं. जिथे ते रुजलं तिथे दुसरीच भानगड झाली. गवताच्या बियांवर उंदीर माजले, आणि हिवाळ्यात खायला दुसरं काही उरेना तेव्हा त्यांनी नव्याने आलेल्या सूचीपर्णी झाडांच्या रोपांच्या साली कुरतडल्या. व्हर्जिनिया डेल या शास्त्रज्ञ बाईंनी दरड कोसळलेल्या भागाचा अनेक वर्षं पाठपुरावा करून हे नोंदवलंय. हेतू चांगला, बजेट मंजूर, पण खालच्या मुळांत आधीच काय आहे ते पाहायला कोणी थांबलं नाही.

आता फुलाकडे येऊ, नाहीतर मी ज्वालामुखीतच अडकून पडेन.

फायरवीडचा तुरा खालून वर फुलत जातो. प्रत्येक फूल आधी नर असतं आणि नंतर मादी. उमललं की आधी आठ पुंकेसर पराग सोडतात. तेव्हा मधला दांडा खाली वाकलेला असतो आणि त्याचं टोक मिटलेलं. एक-दोन दिवसांनी पुंकेसर सुकतात, दांडा सरळ होतो आणि टोकाची कुक्षी चार बाजूंना उघडते. म्हणजे एकाच तुऱ्यावर कोणत्याही वेळी खालची फुलं मादी आणि वरची नर. भुंगा काय करतो? खालून सुरुवात करतो, कारण खालच्या फुलांत मध जास्त असतो. मग चढत जातो. खालच्या फुलांना तो आधीच्या झाडावरचे पराग देतो, वर जाऊन या झाडाचे पराग घेतो, आणि पुढच्या झाडाच्या तळाशी जाऊन उतरतो. स्वतःचे पराग स्वतःलाच लागण्याची शक्यता त्यामुळे बरीच कमी होते. रोलिंग अपडेट म्हणा हवं तर.

हे पहिल्यांदा नीट पाहिलं ते क्रिस्टिआन कॉनराड स्प्रेंगेल या जर्मन शाळामास्तरांनी, १७९० मध्ये, आणि तेही याच फुलात. १७९३ मध्ये त्यांनी पुस्तक काढलं. फुलं कीटकांसाठी असतात आणि त्यांच्या रचनेमागे काम असतं, हे म्हणणं तेव्हा लोकांना पटलं नाही. पुढे डार्विनने त्या पुस्तकाची कदर केली, पण तोवर स्प्रेंगेल जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

अजून एक छोटी गोष्ट. फायरवीडचे पराग निळसर हिरवे असतात. पिवळे नाहीत. मधमाशीच्या पायावर निळसर गोळा दिसला की ती कुठून आली ते कळतं. आणि परागकण एकमेकांना बारीक चिकट दोऱ्यांनी बांधलेले असतात, त्यामुळे भुंग्याला एक लागला की माळच लागते. फायरवीडचा मध इथे नावाजलेला आहे, जवळजवळ पाण्यासारखा फिका. पण तो दर वर्षी एकाच ठिकाणी मिळेल असं नाही. जंगल परत वाढलं, सावली आली, की फायरवीड मागे हटते. काही मुळं सावलीत तग धरून राहतात, बाकीचा कारभार पुढच्या आगीपर्यंत बंद. मधमाशा पाळणाऱ्यांना मग दुसरं जळलेलं किंवा तोडलेलं रान शोधावं लागतं.

इथले मूळ रहिवासी, कोस्ट सेलिश लोक, या म्हाताऱ्यांचा कापूस जमवून डोंगरी बकऱ्यांच्या लोकरीत आणि खास लोकरीसाठी पाळलेल्या कुत्र्यांच्या केसांत मिसळायचे आणि त्यातून घोंगड्या विणायचे. ती कुत्र्यांची जात आता नामशेष झाली. या शहराचं नावसुद्धा त्यांच्यातल्याच एका प्रमुखावरून पडलंय. हे मुद्दाम सांगतेय. माणसांच्या बाबतीत 'नेटिव्ह' म्हटलं की तो इतिहासाचा, जमिनीच्या हक्काचा, करार मोडल्याचा विषय असतो. रोपट्याच्या बाबतीत म्हटलं की तो अगदी वेगळा विषय असतो. शब्द एक आहे म्हणून दोन्हींची मिसळ करायची नाही.

तर आता माझ्या शनिवारच्या चिखलाकडे.

आम्ही जिथे काम करतो ती तळ्याकाठची पाणथळ जागा आहे. तिथे मुख्यतः दोन विलोहर्ब दिसतात. एक फ्रिंज्ड विलोहर्ब, इथली मूळची. साधीसुधी. फूल शर्टाच्या बटणाएवढं, फिकट गुलाबी किंवा पांढरट, पाकळीला टोकाशी खाच. गटाराकडेला, फुटपाथच्या फटीत, नर्सरीतल्या कुंड्यांत, कुठेही उगवते. नर्सरीवाल्यांना ही नको असते. दुसरी हेअरी विलोहर्ब. युरोप आणि आशियातली. दोन मीटरपर्यंत वाढते, अंगभर मऊ लांब केस, फूल मोठं, दोन-अडीच सेंटिमीटरचं, भडक गुलाबी. खरं बोलायचं तर दिसायला हीच जास्त देखणी. वॉशिंग्टन राज्याच्या त्रासदायक तणांच्या यादीत हिचं नाव आहे. जमिनीखालच्या खोडांनी पसरते आणि पाण्याच्या काठाने अशी दाट भिंत उभी करते की आत दुसऱ्या कशाला उजेडच मिळत नाही.

आमच्या गटाच्या प्रमुख बाई सत्तरीच्या आहेत. कोणी नवीन आलं की पहिल्या दिवशी त्याला काहीही उपटू देत नाहीत. फक्त बघायला लावतात. फुलाच्या मधोमध बघा. कुक्षी चार बोटांची, अधिक चिन्हासारखी उघडलेली असेल तर हेअरी. मुगदलासारखी बंद गोळी असेल तर फ्रिंज्ड, तिला हात लावायचा नाही. फायरवीडचीही कुक्षी चार बोटांचीच असते, मग ती ओळखायची कशी? तिची पानं खोडावर एकेक, आळीपाळीने येतात, खोड गुळगुळीत असतं आणि पाकळीला खाच नसते. हेअरीची पानं समोरासमोर जोडीने, खोडाला जवळजवळ मिठी मारून. आणि फायरवीडच्या पानाच्या शिरा कडेपर्यंत जात नाहीत, कडेच्या अलीकडेच वळून एकमेकींना मिळतात. पान उन्हाकडे धरून बघा, स्पष्ट दिसतं. नुसत्या कोवळ्या कोंबावरूनही ओळख पटते.

मला या कामातली ही सक्ती फार महत्त्वाची वाटते. कारण घाईत 'गुलाबी आहे, उपट' असं केलं तर ज्यांच्यासाठी जागा मोकळी करतोय तीच कचऱ्याच्या पिशवीत जातात. फोनवरची ॲप्स मदत करतात, पण नुसत्या पानांच्या फोटोवरून ती या कुळात गोंधळतात. मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहिते, तरी इथे भिंगावर जास्त विश्वास ठेवते.

आता नाशिकच्या दादा, तुझा प्रश्न.

पहिली गोष्ट. ही फ्रिंज्ड विलोहर्ब, जिला मी वाचवते, तीच ब्रिटनमध्ये परकी आहे. १८९१ मध्ये तिथे तिची पहिली नोंद झाली आणि आज ती तिथे सगळीकडे पसरली आहे. तिकडे तिला नावच 'अमेरिकन विलोहर्ब' आहे. आणि जी हेअरी विलोहर्ब मी उपटते, ती ब्रिटनमध्ये मूळची. आपल्याकडे काश्मिरात ओढ्याकाठी तीच उगवते, तिथेही मूळची. म्हणजे दोन बहिणींनी अटलांटिक ओलांडून घरांची अदलाबदल केली. एक चांगली आणि एक वाईट असं इथे काही नाहीच. हेअरी विलोहर्ब तिच्या मूळ जागी हजारो वर्षं आहे. तिला खाणाऱ्या अळ्या तिथे आहेत, तिच्याशी जागेसाठी भांडणारी झाडं तिथे आहेत. इथे तो सगळा पसारा तिच्याबरोबर आलेला नाही. 'नेटिव्ह' हा शब्द म्हणूनच रोपट्याच्या स्वभावाचा दाखला नाही, तो त्या जागी कोणाकोणाचे किती जुने संबंध आहेत याची नोंद आहे. बेडस्ट्रॉ हॉकमॉथ नावाच्या मोठ्या पतंगाच्या अळ्या इथे फायरवीडची पानं खातात. रूफस हमिंगबर्ड तिच्या तुऱ्यांवर येतात. असे संबंध एका उन्हाळ्यात जमत नाहीत.

मूळचं झाड शांत, गुणी असतं हेही खरं नाही. फायरवीड ब्रिटनमध्येही आहे. तिथे ती बराच काळ दुर्मीळ होती, मग रेल्वेच्या कडेने, तोडलेल्या जंगलांतून पसरली, आणि दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले तेव्हा ढिगाऱ्यांवर एवढी उगवली की लोक तिला बॉम्बवीड म्हणायला लागले. क्यू उद्यानाचे एडवर्ड सॅलिसबरी यांनी बॉम्ब पडलेल्या जागांवरच्या झाडांचा अभ्यास केला होता, त्यात हिचा नंबर फार वरचा. त्याच लंडनने २००२ मध्ये लोकांची मतं घेऊन हिला आपलं फूल म्हणून निवडलं. कॅनडाच्या युकॉन प्रदेशाचं तर ती १९५७ पासून अधिकृत फूल आहे. तण की मानचिन्ह, हे झाड ठरवत नाही.

दुसरी गोष्ट, आणि ही थोडी स्पष्ट बोलते. इथे 'इन्व्हेजिव' हा शब्द माणसांसाठी वापरणारे लोक आहेत. माझ्यासारख्यांबद्दलच बोलत असतात. त्यांना वाटतं झाडांचं विज्ञान त्यांच्या बाजूने आहे. आणि त्यांच्या विरोधात, चांगल्या मनाने, काही जण म्हणतात की मग सगळ्या झाडांना येऊ द्या, उपटणं म्हणजेच द्वेष. माझ्या मते दोघांनी एकच गफलत केलीय. माझा इथला शेजारी आणि मी एकाच जातीचे प्राणी आहोत. जीवशास्त्राच्या हिशेबाने मी सिएटलमध्ये परकी जात नाहीच. माझा व्हिसा हा कायद्याचा विषय आहे, लॉटरीचा विषय आहे, माझ्या बीपीचाही विषय आहे, पण वनस्पतिशास्त्राचा नाही. त्यामुळे तण उपटताना मला स्वतःची आठवण येत नाही. गुडघे दुखतात तेवढं जाणवतं.

तिसरी गोष्ट मात्र आठवण आणणारीच आहे. गेल्या ऑगस्टमध्ये काम करता करता आईला व्हिडिओ कॉल लावला होता. ती चिपळूणला, आजोळच्या घरी. मी फ्रिंज्ड विलोहर्बची शेंग कॅमेऱ्यापुढे धरली. आई म्हणाली, "अगं, हे तर आपल्या खाचरातल्यासारखं दिसतंय. ते पिवळं फूल येतं ना बांधावर, लवंगेसारखी शेंग असते त्याची?"

बरोबर ओळखलं होतं तिने. पाणलवंग. शास्त्रीय नाव लुडविजिया. विलोहर्बच्याच कुळातली. चार पाकळ्या, आणि तीच ती खूण, फूल शेंगेच्या टोकावर. फक्त पिवळी, आणि बियांना म्हातारीचे केस नाहीत, कारण तिला पाण्यातून जायचं असतं. आईने वनस्पतिशास्त्राचं पुस्तक कधी उघडलेलं नाही, पण भाताची बेणणी जन्मभर केली आहे. बेणताना जे रोज हातात येतं ते विसरत नाही माणूस. ती पुढे म्हणाली, "आम्ही उपटूनच टाकतो ते. तू कशाला जपतेयस?" आता या माउलीला काय सांगणार! मूळचं असलं तरी भाताच्या खाचरात ते तणच. तिच्या हिशेबाने तेही बरोबर आहे.

आणि हो, फायरवीडची एक बुटकी बहीण आहे, रिव्हर ब्यूटी. हिमनद्यांच्या पायथ्याशी, नदीच्या वाळू-गोट्यांत वाढते. ती इथल्या उंच डोंगरांत आहे, ग्रीनलंडचं ती राष्ट्रीय फूल आहे, आणि उत्तराखंडच्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये पुष्पावती नदीच्या पात्रातही आहे. ती तिन्ही ठिकाणी मूळचीच. तुमच्यातले जे ऑगस्टमध्ये तिकडे ट्रेकला जातात, त्यांनी ब्रह्मकमळाच्या नादात नदीपात्राकडे दुर्लक्ष करू नका. तोडू मात्र नका, ते राष्ट्रीय उद्यान आहे.

ज्यांना स्वतः काही करायचंय त्यांच्यासाठी एकच सूचना. 'वाइल्डफ्लॉवर मिक्स' लिहिलेली पाकिटं विकत घेऊन टेकडीवर उधळू नका. सिएटलला नको आणि पुण्याच्या टेकड्यांवर तर मुळीच नको. आत नक्की कोणत्या जाती आहेत हे पाकिटावर नीट लिहिलेलं नसेल तर ते पाकीट दुकानातच राहू द्या. आधी एक पावसाळा त्या जागेवर आपोआप काय येतं ते बघा.

कोकणात किंवा मावळात असाल तर पावसाळा सरताना भाताच्या बांधावर पाणलवंग शोधा आणि फोटो पाठवा. फोटो तीन हवेत: फूल समोरून, शेंग बाजूने, आणि खोडाला पान जिथे जोडलंय ती जागा जवळून. फक्त फुलाचा फोटो पाठवलात तर मी ओळखून देणार नाही, आधीच सांगून ठेवते. आणि शेत कोणाचं आहे त्यांना विचारून आत जा, चपला हातात घेऊन.

भेटू दोन आठवड्यांनी.